बाळाची जागा मागच्या सीटवर: बेळगावकडच्या नव्या आईबाबांसाठी

आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. निपाणीची सून खानापूरला येते, टिळकवाडीची लेक चिकोडीला जाते. त्यामुळं बाळाचे पहिले प्रवास जन्माआधीच ठरलेले असतात: दवाखान्यातून आजोळी, मग डोस द्यायला पुन्हा दवाखान्यात, आणि तिसऱ्या किंवा पाचव्या महिन्यात सासरी. या सगळ्या येण्याजाण्याला गाडी असते आणि बाळ कुणाच्या तरी मांडीवर असतं. दुपटी, कुंची, वाळे, पाळणा यांची यादी सातव्या महिन्यापासून सुरू होते, पण त्या यादीत कार सीट, म्हणजे गाडीच्या मागच्या सीटवर बसवायची बाळाची वेगळी पट्ट्यांची सीट, फार कमी घरांत असते. पहिल्यांदाच घेणाऱ्यांना नेमकं काय बघावं हेही कळत नाही, कारण विचारायला आजूबाजूला कुणी नसतं. आपल्या आईवडिलांनी ती कधी वापरलेलीच नाही.

मांडी का नको, ते आधी

ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी कशावर तरी आदळून थांबते, तेव्हा आत बसलेल्यांना बसणारा झटका साधारण तिसऱ्या मजल्यावरून खाली पडल्यासारखा असतो. त्या क्षणी दहा किलोचं बाळ दोनशे किलोहून जास्त जोरानं पुढं ओढलं जातं. इतकं वजन कुणाच्याच हातात राहत नाही, मग आजीनं कितीही कवटाळून धरलेलं असो. हा हिशोब ५० चा झाला. कोगनोळी नाका ओलांडल्यावर ४८ नंबरच्या हायवेला ५० नं कोण चालवतं?

मांडीवर घेणाऱ्यानं स्वतः पट्टा लावलेला नसेल, तर पुढच्या सीटच्या आणि त्या माणसाच्या मध्ये बाळ चिरडतं. आई आणि बाळ मिळून एकच पट्टा लावणं त्याहून वाईट, कारण मग आईचं सगळं वजन पट्ट्यासकट बाळाच्या पोटावर येतं. मागं बसलं की पट्टा नसला तरी चालतं, हा समजही सोडून द्यायला हवा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला झालेल्या अपघातात मागं बसलेले दोघंही गेले, आणि दोघांनीही पट्टे लावले नव्हते.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९४ ब आलं. १४ वर्षांखालचं मूल पट्ट्यानं किंवा मुलांच्या सुरक्षा सीटनं बांधलेलं नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला १,००० रुपये दंड. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळं गाडी केए-२२ असो की एमएच-०९, नियम तोच. दंड प्रत्यक्षात कितीदा होतो यावर मात्र फार विसंबू नका, हे काम पोलिसांच्या भीतीनं करण्यासारखं नाही.

पहिली पायरी: दुकानात जाण्याआधी आपली गाडी बघा

बहुतेक जण आधी सीट पसंत करतात आणि मग ती गाडीत बसवायला जातात. उलट करा. एखादी महागडी सीट तुमच्या गाडीत हलत असेल, तर घट्ट बसणारी साधी सीट केव्हाही चांगली.

मागच्या सीटची पाठ आणि बैठक यांच्या फटीत बोटं घालून बघा. नव्या गाड्यांत दोन्ही कडेच्या जागांवर आत लोखंडी कड्या लागतात आणि वर छोटं चिन्ह किंवा टॅग असतो. हेच आयसोफिक्स. सीटच्या मागून निघणारे दोन हात या कड्यांत कट्ट आवाज करून अडकतात, त्यामुळं बसवताना चूक होण्याची शक्यता बरीच कमी होते. याच्या जोडीला तिसरा आधार लागतो. एक तर सीटच्या डोक्यावरून मागं जाणारा टॉप टेदर पट्टा, नाहीतर खाली गाडीच्या तळाला टेकणारा पाय. टेदरची कडी सहसा मागच्या सीटच्या पाठीला किंवा डिकीत असते. डिकीत सामान बांधायचे हूकही असतात, ते टेदरसाठी नाहीत. पायवाली सीट घेणार असाल, तर पायाखाली गाडीच्या तळात सामानाचा कप्पा नाही ना ते बघा, कारण पोकळ झाकणावर टेकवलेला पाय आधार देत नाही.

आयसोफिक्स नसेल म्हणून हिरमुसू नका. जुन्या वॅगन आर किंवा बोलेरोतही गाडीच्या पट्ट्यानं बसणारी सीट लावता येते, फक्त तो पट्टा तीन टोकांचा हवा, म्हणजे कमरेवरून आणि खांद्यावरून जाणारा. बऱ्याच जुन्या गाड्यांत मागं मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा असतो, तिथं बहुतेक सीटा चालत नाहीत. सात आसनी बोलेरोसारख्या गाड्यांत अगदी मागं समोरासमोर बसायची बाकं असतात. त्या आडव्या बाकावर कार सीट कधीच लावायची नाही.

गाडीच्या माहिती-पुस्तिकेत मुलांच्या सीटांचा एक तक्ता असतो. तो कुणी वाचत नाही, पण दहा मिनिटं काढून वाचा. कोणत्या जागेवर कोणत्या वजनाच्या मुलाची सीट चालते ते त्यात अक्षरांनी दिलेलं असतं: ‘यू’ म्हणजे सर्वसाधारण सीट चालेल, ‘यूएफ’ म्हणजे फक्त पुढं तोंड असलेली चालेल, ‘एक्स’ म्हणजे ती जागा त्या वजनाच्या मुलासाठी नाही.

नवीन गाडी घ्यायच्या विचारात असाल तर आणखी एक. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही गाडी आदळवून तिची सुरक्षा तपासणारी आपली चाचणी सुरू आहे. शोरूममध्ये सगळे मोठ्यांच्या सुरक्षेचे तारे दाखवतात. तुम्ही मुलांच्या सुरक्षेचे गुण विचारा, ते ४९ पैकी असतात, आणि त्यातले १२ गुण निव्वळ मुलांच्या सीटा त्या गाडीत नीट बसतात का यासाठी असतात.

दुसरी पायरी: वय विसरा, वजन आणि उंची धरा

दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, ‘बाळ किती महिन्यांचं?’ त्याचं उत्तर देऊन काही ठरत नाही. दोन वर्षांची दोन मुलं, एक साडेनऊ किलोचं आणि एक चौदा किलोचं, आपल्याच घरात असतात. डोसच्या कार्डावर वजन लिहिलेलं असतं, ते घेऊन जा. उंची घरी भिंतीला टेकवून मोजा.

सीटवर शिवलेलं किंवा चिकटवलेलं एक लेबल असतं, बहुधा नारिंगी. त्यावर गोलात ‘ई’ आणि शेजारी आकडा असतो, म्हणजे ती संयुक्त राष्ट्रांच्या नियमांनुसार तपासलेली आहे. यातले दोन नियम तुमच्या समोर येतील. जुना आर४४/०४, जो वजनावर चालतो: गट ०+ म्हणजे १३ किलोपर्यंत, गट १ म्हणजे ९ ते १८ किलो, गट २ म्हणजे १५ ते २५, गट ३ म्हणजे २२ ते ३६. नवा आर१२९, ज्याला आय-साइझ असंही म्हणतात, तो उंचीवर चालतो आणि बाजूनं बसणाऱ्या धडकेचीही चाचणी घेतो. युरोपात जुन्या नियमाच्या सीटांची विक्री सप्टेंबर २०२४ पासून बंद झाली. परवडत असेल तर आर१२९ घ्या. नसेल तर आर४४/०४ ची नीट बसवलेली सीटही मांडीपेक्षा कितीतरी पटीनं बरी. लेबलच नसेल, तर ती सीट कितीही गुबगुबीत आणि कितीही स्वस्त असो, परत ठेवा. नुसत्या कापडी पट्ट्यांच्या, गादीसारख्या ‘बेबी सेफ्टी सीट’ ऑनलाइन हजार-बाराशेला मिळतात. त्या घेऊ नका.

पुण्या-मुंबईच्या भावाकडची वापरलेली सीट चालते का? भाऊ सख्खा असेल, सीटला अपघात झालेला नाही हे तो खात्रीनं सांगत असेल, पुस्तिका आणि सगळे भाग जागेवर असतील आणि मुदत उरलेली असेल, तर चालते. बऱ्याच कंपन्या बनवल्याची तारीख आणि वापराची मुदत सीटच्या खाली किंवा मागं छापतात. उन्हानं प्लास्टिक कडक होतं आणि पट्ट्यांची ताकद कमी होते, म्हणून ही मुदत. अनोळखी माणसाकडून ऑनलाइन वापरलेली सीट घेऊ नका. तिचा इतिहास बघून कळत नाही, धडकेत आतून गेलेली चीर वरून दिसत नाही.

तिसरी पायरी: मागं तोंड, आणि ते जितकं लांबवता येईल तितकं

या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही राहू दे. बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडं हवं.

तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळपास चौथा हिस्सा असतं. मानेचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात, बराच भाग कूर्चेचा असतो. समोरून धडक बसली आणि बाळ पुढं तोंड करून असेल, तर खांदे पट्ट्यात अडकतात आणि ते जड डोकं एकटं पुढं फेकलं जातं. सगळा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो. तोंड मागं असेल, तर डोकं, मान आणि पाठ तिन्ही एकदम सीटच्या टणक पाठीत दाबली जातात आणि जोर सगळीकडं विभागला जातो.

आता इथंच आपली घाई आड येते. बाळ मान धरू लागलं, बसू लागलं, पहिला वाढदिवस झाला, की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘आता मोठा झाला की, फिरवा पुढं, त्याला रस्ता तरी दिसू दे.’ बसता येतं म्हणजे मानेची हाडं झाली असं नव्हे. सीट फिरवायचा दिवस म्हणजे कौतुकाचा दिवस वाटतो, पण त्या दिवशी बाळाचं संरक्षण खरं तर कमी होतं. पाळण्यातून खाटेवर, खाटेवरून जमिनीवर, प्रत्येक टप्पा आपण थोडा लवकरच गाठतो, इथं तो मुद्दाम उशिरा गाठायचा आहे. आर१२९ या नव्या नियमानुसार १५ महिने पूर्ण होईपर्यंत मागं तोंड सक्तीचं आहे आणि १५ महिने ही किमान मर्यादा आहे, ध्येय नव्हे. स्वीडनमध्ये मुलं चार वर्षांपर्यंत मागं तोंड करून बसतात.

खरेदी करताना याचा थेट उपयोग होतो. बाजारात ‘० ते १८ किलो’ लिहिलेल्या दोन्हीकडं वळणाऱ्या सीटा सगळ्यात जास्त मिळतात. त्यातल्या पुष्कळशा मागं तोंड करून फक्त १३ किलोपर्यंत चालतात, काही १८ पर्यंत. खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. ‘मागं तोंड करून किती किलो किंवा किती सेंटिमीटरपर्यंत?’ हा प्रश्न विचारा आणि उत्तर पुस्तिकेत स्वतः बघा.

कडीची टोपलीसारखी तान्ह्या बाळाची सीट वेगळी मिळते, साधारण १३ किलोपर्यंतची. झोपलेल्या बाळाला सीटसकट उचलता येतं ही तिची सोय, पण वर्ष-सव्वा वर्षात ती लहान पडते. एकदाच खर्च करायचा असेल तर जन्मापासून चालणारी, आत छोटी गादी असलेली दोन्हीकडं वळणारी सीट घ्या.

सीट लहान झाली हे कसं ओळखायचं? वजनाची किंवा उंचीची मर्यादा संपली, किंवा डोक्याचा माथा सीटच्या टणक पाठीच्या वरच्या कडेला लागला, तर. पाय गाडीच्या सीटला टेकतात, गुडघे दुमडतात, हे लहान होण्याचं लक्षण नाही. मुलं मांडी घालून मजेत बसतात.

आणि पुढच्या सीटवर, जिथं एअरबॅग चालू आहे तिथं, मागं तोंड असलेली सीट कधीही लावायची नाही. एअरबॅग उघडते ती बाळाच्या डोक्यामागं असलेल्या सीटच्या पाठीवर सरळ आदळते आणि त्यानं जीव जाऊ शकतो. सूर्यपडद्यावर याचं चित्र असतं. आता नव्या गाड्यांत पुढं दोन्ही बाजूंना एअरबॅगा सक्तीच्या आहेत, म्हणून साधा नियम ठेवा: मूल मागेच.

चौथी पायरी: बसवणं

ही पायरी घाईत उरकू नका. एखाद्या रविवारी सकाळी, घरात बाळ यायच्या आधी, दोघं मिळून करा. जो गाडी चालवतो त्यालाच नव्हे, आजोबांना आणि मामालाही यायला हवं, कारण दवाखान्यातून आणायला नेमका मामाच येतो.

आयसोफिक्स असेल तर दोन्ही हात कड्यांत घाला. दोन्हीकडची खूण हिरवी झाली पाहिजे. एक हिरवी आणि एक लाल म्हणजे बसलेली नाही. मग टेदर ताणा किंवा पाय टेकवा.

पट्ट्यानं बसवायची असेल तर सीटवर रंगीत खुणा असतात. मागं तोंड असताना पट्टा निळ्या खुणांमधून, पुढं तोंड असताना लाल खुणांमधून. एकाच सीटला दोन्ही असतात आणि घोळ इथंच होतो. पट्टा घातला की गुडघ्यानं किंवा हातानं सीट गादीत खाली दाबा आणि आधी कमरेचा, मग खांद्याचा पट्टा ओढून ढील काढा. पट्ट्याला कुठं पीळ नको. सीटवर पट्टा पकडणारी क्लिप असेल तर ती लावा. पट्ट्याचं कुलूप म्हणजे बकल सीटच्या कडेवर वाकून बसत असेल, तर जागा बदलून बघा, असं बकल धडकेत उघडू शकतं.

आता परीक्षा. पट्टा जिथून जातो तिथं सीट धरा आणि बाजूला, पुढं हलवा. एक इंचापेक्षा जास्त सरकली तर पुन्हा. टोकाला धरून हलवलं तर चांगली बसलेली सीटही डुलते, म्हणून तिथून मोजू नका.

तान्ह्यासाठी सीट पुरेशी मागं झुकलेली हवी, पुस्तिकेत दाखवलेल्या रेषेप्रमाणं, साधारण ४५ अंशांच्या आसपास. फार उभी राहिली तर झोपेत मान पुढं गळते आणि हनुवटी छातीला टेकून श्वास अडखळतो. बाळ दिवसांआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल, तर सुट्टी मिळण्याआधीच बालरोगतज्ज्ञांना विचारा की कार सीटमध्ये किती वेळ बसवलं तर चालेल.

पाचवी पायरी: बाळाला बांधणं, आणि कुंचीचं काय

खांद्याच्या पट्ट्यांची उंची: मागं तोंड असेल तर पट्टा खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून यावा, पुढं तोंड असेल तर खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वरून. बाळ वाढत जातं तसा महिन्या-दोन महिन्यांनी हा बदल करावा लागतो, तो सगळे विसरतात.

पट्टा किती घट्ट? खांद्याजवळ गळपट्टीच्या हाडावर पट्ट्याची उभी चिमूट धरून बघा. चिमटीत कापड आलं तर ढिला, बोटं घसरली तर बरोबर. आपल्याला ते बघवत नाही हे खरं, पण बाळाला ते टोचत नाही.

आता कपडे. बेळगावची हवा कौतुकाची, गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात ते उगाच नाही, आणि नोव्हेंबरपासून बाळ स्वेटर, टोपरं, कुंची आणि वर दुपट्यात गुंडाळलेलंच असतं. पट्ट्याखाली हे सगळं नको. जाड कपड्यावरून पट्टा घट्ट वाटतो, पण धडकेत आतली हवा आणि कापूस दबतो आणि पट्टा चार बोटं ढिला पडतो. कुंचीचा तर मागचा झोळदेखील डोकं पुढं ढकलतो. बाळाला पातळ, पाय वेगळे असलेले कपडे घाला, पट्टा लावा, मग वरून दुपटं किंवा गोधडी पांघरा. गाडी गरम झाली की पांघरूण सहज काढता येतं. गुंडाळलेलं बाळ तसंच सीटमध्ये ठेवलं तर दोन पायांमधला पट्टा लागतच नाही. कमरेची साखळी, वाळे, गळ्यातले काळे मणी प्रवासापुरते काढून आजीच्या पर्समध्ये. दुकानात वेगळ्या मिळणाऱ्या मान-उशा आणि पट्ट्यांचे मऊ गलेफ सीटसोबत आलेले नसतील तर वापरू नका.

मग रडणं. बाळ रडणार. मागून आवाज येणारच, ‘लेकरू किती रडूलंय बघ, घे की जरा मांडीवर, जवळच तर जायचंय.’ इथं वाद घालून उपयोग नाही, आणि आजीला अपघाताची गोष्ट सांगितली तर ती ‘असलं अभद्र बोलू नको’ म्हणेल. त्यापेक्षा तिला काम द्या. आजीची जागा सीटच्या शेजारी, तिनं स्वतःचा पट्टा लावून बाळाशी बोलायचं, हात धरायचा, खुळखुळा वाजवायचा. डॉक्टरांच्या तोंडून आलेलं आपल्याकडं चालतं, म्हणून बाळाला दाखवायला जाताना आजीलाही न्या आणि तिच्यासमोर डॉक्टरांना विचारा. पहिल्या दिवसापासून सीटमध्येच बसलेलं बाळ बहुधा कुरकुर करत नाही, सहाव्या महिन्यात अचानक बसवलेलं करतं. थांबायचंच झालं तर गाडी बाजूला लावून थांबा. चालत्या गाडीत पट्टा सोडायचा नाही, दूध पाजायलाही नाही.

लांबच्या वाटेवर

तान्ह्या बाळाला सीटमध्ये सलग दोन तासांच्या आत बाहेर काढून आडवं करा, अगदी पहिल्या महिन्यात तर आणखी लवकर. बेळगाव-कोल्हापूर जाताना संकेश्वरला किंवा निपाणीला थांबता येतं. गोव्याला चोर्ल्यावरून जाताना कणकुंबीच्या आत एकदा थांबून दूध, नॅपी, सगळं उरका. पुढं घाटात वळणं सुरू झाली की थांबायला धड जागा नाही, आणि पावसाळ्यात धुकं. मोठ्या मुलाला उलटीचा त्रास असेल तर निघण्याआधी पोटभर खाऊ घालू नका, पिशवी आणि ओला रुमाल हाताशी ठेवा, आणि उलटी झाली तरी पट्टा गाडी थांबल्यावरच सोडा.

गळीत हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, मुलं सोबत असतील तर संकेश्वर-चिकोडी-निपाणी पट्ट्यात रात्रीचं निघणं टाळाच. उसानं भरलेला, मागं दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर, ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, अगदी जवळ गेल्यावर दिसतो. कार सीट कितीही चांगली असली तरी असल्या ट्रेलरखाली गाडी घुसल्यावर तिचं फारसं चालत नाही.

मागच्या काचेखालच्या फळीवर काही ठेवू नका. नारळ, स्टीलचा डबा, कुंद्याचा खोका, देवाची पितळी मूर्ती, सगळं डिकीत. करकचून ब्रेक लागला की हेच मुलाच्या डोक्यावर येतं. उन्हात उभ्या गाडीत बकलचं लोखंड चटका देण्याइतकं तापतं, बसवण्याआधी हात लावून बघा. आणि काच थोडी उघडी ठेवून ‘दोनच मिनिटं’ सुद्धा मुलाला गाडीत एकटं ठेवायचं नाही, गाडी बंद झाली की आतलं तापमान झपाट्यानं चढतं. घरी पोचल्यावर बाळ सीटमध्येच झोपलेलं असेल तर काढून सपाट गादीवर ठेवा, टोपलीत तसंच झोपू देऊ नका.

सीट धुवायची झाली तर कापडी गलेफ काढून धुवा. पट्टे मात्र साबणात भिजवायचे नाहीत, इस्त्री करायची नाही, नुसते ओल्या फडक्यानं पुसायचे. मोठा अपघात झाला की सीट बदला, दिसायला धड असली तरी.

पुढं तोंड, मग बूस्टर, मग नुसता पट्टा

मागं तोंड करून बसण्याची मर्यादा खरोखर संपली, की कार सीटच्या स्वतःच्या पाच टोकांच्या पट्ट्यासह पुढं तोंड. इथं टेदर असेल तर तो लावणं फार महत्त्वाचं, त्यानं डोकं पुढं फेकलं जाणं कमी होतं. या पट्ट्याची १८ किलोची, काही सीटांत त्याहून जास्तीची मर्यादा संपेपर्यंत मूल यातच राहू दे. शाळेत जायला लागलं म्हणून बूस्टरवर बसवायचं नाही.

बूस्टरचं काम एकच, मुलाला उंच करणं, म्हणजे गाडीचा मोठ्यांचा पट्टा बरोबर हाडांवर येईल. पाठ असलेला बूस्टर घ्या. नुसती बैठक असलेला स्वस्त पडतो, पण सव्वाशे सेंटिमीटर उंची होईपर्यंत तो नको, कारण झोपलेलं मूल बाजूला कलंडतं आणि खांद्याचा पट्टा जागचा निघतो. बूस्टर वापरायला तीन टोकांचा पट्टाच हवा.

बूस्टर कधी काढायचा याची चाचणी मुलालाच करायला लावा, त्यांना आवडते. पाठ पूर्ण मागं टेकली आहे, गुडघे सीटच्या कडेशी वाकलेत, कमरेचा पट्टा पोटावर नसून मांड्यांच्या वर कमरेच्या हाडावर आहे, खांद्याचा पट्टा गळ्याला न घासता खांद्याच्या मधोमध आहे, आणि पूर्ण प्रवासभर असंच बसता येतं. पाचही गोष्टी जमल्या तर बूस्टर काढा. बहुतेक मुलांना हे १४५ सेंटिमीटरच्या आसपास जमतं, म्हणजे दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान. तिसरी-चौथीतल्या मुलाला वर्गमित्र चिडवतात म्हणून काढू नका. पोटावरून गेलेला पट्टा आतड्यांना इजा करतो, आणि खांद्याचा पट्टा टोचतो म्हणून काखेखालून घेतला तर बरगड्यांना. तेरा वर्षांपर्यंत जागा मागेच.

आपली गाडी नसेल तेव्हा

भाड्याची गाडी सांगताना मागच्या सीटचे पट्टे चालू आहेत का ते फोनवरच विचारा. सीटांवर कव्हर चढवताना बकल आत दाबून टाकायची आपल्याकडच्या गाड्यांत सर्रास पद्धत आहे. पट्ट्यानं बसणारी हलकी सीट असेल तर ती सोबत न्या, बसवायला सराव असला की वेळ लागत नाही.

दुचाकीसाठी वेगळा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. चार वर्षांखालच्या मुलाला सुरक्षा हार्नेस, म्हणजे गाडी चालवणाऱ्याच्या अंगाला जोडलेले पट्टे, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट, आणि वेग ताशी ४० च्या आत. टाकीवर पुढं उभं केलेलं पोर यात कुठंच बसत नाही.

वडापात आणि वऱ्हाडाच्या क्रूझरमध्ये यातलं काहीच जमत नाही. लग्नाची तारीख ठरली की घरच्यांना तेव्हाच सांगून ठेवा: लहान मुलं आपल्या गाडीतून, नाहीतर एसटीनं येतील. निघायच्या दिवशी, एका गाडीत चौदा माणसं बसून झाल्यावर सांगायला गेलात तर कुणी खाली उतरत नाही.